सोनाबाईचा राब आणि माझा झाडू

महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी सहलीचं काहीतरी लिहा असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी चौथी पास, मला काय जमणार. मग मागचे अंक वाचून काढले. सगळ्याजणी सूर्यास्ताचं लिहितात. पाणी कुठून आणलं, परसाकडला कुठे गेलात, भाकरी कशावर भाजली, हे एकीनेही लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहिते. कोळवणला जायचं कोणाच्या मनात असेल तर तिच्या उपयोगी पडेल.

ह्यांच्या कारखान्यातल्या साहेबांनी कोळवणच्या पुढे एका वाडीजवळ दहा गुंठे जागा घेऊन खोपटं बांधलं होतं. कुडाच्या भिंती, वर पत्रा, पुढे पडवी. साहेबांच्या बाईसाहेब एकदाच राहिल्या. रात्री अंगावर पाल पडली, पुन्हा नाव नाही काढलं. साहेब ह्यांना म्हणाले, शनिवार-रविवार तुम्ही जात जा, जागा झाडूनपुसून ठेवा. हे घरी आले ते नाचतच. मी म्हटलं, म्हणजे साहेबांचं घर झाडायला मी साडेचार रुपये तिकीट काढून जायचं. हे म्हणाले, "अगं, मोकळी हवा." मी म्हटलं, झाडू माझा मी घेणार. तिथला कसला असेल कोण जाणे.

चैत्र संपत आला होता. शनिवारी दुपारी दोनची गाडी स्वारगेटहून धरली. पिरंगुटच्या घाटात इंजिन तापतं, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवा, ड्रायव्हर मागतो. पौडला गाडी थांबते. तिथे स्टँडसमोर एका मुसलमान चाचांचं किराणा दुकान आहे. त्यांनी माझ्या हातातला झाडू बघितला.

"कोळवणला का? मग घासलेट हितूनच न्या. तितं मिळायचं न्हाई."

"आणि भाजी?"

"कांदे-बटाटे न्या. बाकी माणसं द्येतील."

माणसं कशाला देतील, असं मी मनात म्हटलं आणि दोन किलो बटाटे घेतले.

पौडच्या पुढे खडीचा रस्ता. कोळवणला उतरून भाताच्या खाचरांच्या बांधावरून अर्धा-पाऊण तास चालायचं. चपलेचा अंगठा तुटला. समोर तिकोना किल्ल्याचं टोक दिसत होतं. हे म्हणाले बघ बघ, मी म्हटलं मी पायाखाली बघते.

खोपटं वाईट नव्हतं. पण पत्रा एवढा तापलेला की आत भट्टी. पाणी वाडीच्या विहिरीवर, रहाट नाही, दोर आपला. दोर आम्ही नेलाच नव्हता. शेजारच्या घरातून एक बाई आली, माझ्याच वयाची, काष्टा घातलेली. तिने काही न विचारता दोर दिला, बादली कशी सोडायची ते दाखवलं. ती सोनाबाई.

"पुण्याला पाणी नळाला येतं व्हय?" तिने विचारलं.

"येतं. सकाळी एक तास."

"मग हितं बरं. हितं दिसभर हाय."

रात्री पिठलं-भाकरी केली. चूल धुरकटत होती, डोळ्यांतून पाणी. पण झोप अशी लागली की सांगता सोय नाही. डास नाहीत. हे लिहून ठेवा.

रविवारी उठले आणि उजेडात आवार नीट दिसलं. कोपऱ्यात, तारेच्या कुंपणाच्या आतच, आपल्या वसाहतीतल्या दोन खोल्या मिळून होतील एवढ्या तुकड्यावर सगळा कचरा पसरलेला. वाळका पाला, काटक्या, शेण, वर गवत आणि त्यावर माती भुरभुरलेली. मी म्हटलं, बघा, मालक नाही म्हणून गावाने उकिरडा केला. हे म्हणाले, "थांब, विचारू कोणाला तरी." विचारायचं काय त्यात. घाण ती घाण. मला दारात घाण दिसली की चहा जात नाही.

पदर खोचला. दोन तासांत निम्म्याच्या वर झाडून कुंपणाशी ढीग केला. थोडं आंघोळीच्या पाण्याला चुलीत घातलं, छान पेटत होतं. उरलेल्या ढिगाला काडी लावली आणि चहा ठेवला.

धूर बघून सोनाबाई धावत आली. पायात काही नाही. ढिगाकडे बघितलं, झाडलेल्या जमिनीकडे बघितलं, आणि मटकन खालीच बसली.

"बाई, कुनी सांगितलं तुमाला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे. साहेबांची जागा आहे, स्वच्छ नको?"

"जागा सायबाची हाय," ती म्हणाली. "राब माजा हाय."

राब म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आपण भात खातो, पण मला वाटायचं बी टाकलं की भात येतो. तसं नसतं. आधी एका तुकड्यावर शेण, पाला, काटक्या, गवत असे थर घालतात, वर माती टाकतात, आणि वैशाखात ते भाजतात. त्या भाजलेल्या जमिनीत मिरगाला बी पेरायचं, रोप आलं की उपटून खाचरात लावायचं. दिवाळीपासून तिने दोन बैलांचं शेण साठवलं होतं. पाला डोक्यावर आणला होता. ती जागा आधी तिच्या सासऱ्याची. दिराने साहेबांना विकली, पण राबाचा कोपरा तुझाच राहील असं तिला तोंडी सांगितलं म्हणे. साहेबांना ते कधी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, राख आहे की, पसरून टाकू.

"राख पसरून काय व्हतंय? पाला जाळायचा न्हाई बाई, माती भाजायची असती."

"मग पुन्हा पाला आणू."

"कुटनं? रान समद्यांनी वरबाडून नेलंय. आता दिराच्या दारात रोप मागाया जावं लागंल. चार वर्सं त्याच्या दारात पाय न्हाई ठिवला म्या." मग म्हणाली, "आन सायबाला सांगू नका. कोपरा बी जाईल."

ती ओरडली असती तर मी पण ओरडले असते. मला ते येतं. ती ओरडली नाही. चहा ओतून दिला, तो तिने घेतला नाही.

संध्याकाळच्या गाडीत बसलो. पौड गेलं तेव्हा हे म्हणाले, "मी म्हटलं होतं, विचारू." मी खिडकीतून बाहेर बघत होते. पिरंगुटला रस्त्याकडेच्या झाडांखाली पाल्याचा खच पडलेला. आपल्या वसाहतीतही पिंपळाखाली रोज तेवढाच पडतो, आणि झाडूवाला पेटवून देतो.

त्या आठवड्यात तुम्ही मला पिंपळाखाली पोतं घेऊन बघितलं असेल. काहीजणींनी विचारलंही. मी पोतं भरत राहिले. पाल्याची पाच पोती झाली. रेल्वे लायनीपलीकडच्या गवळ्याकडून वाळक्या शेणाची दोन घेतली.

शनिवारी कंडक्टर पोती चाचपून बघायला लागला.

"काय हाय ह्यात?"

"पाला. आणि शेण."

"पुण्यास्नं कोळवणला शेण? बाई, गाडी उलटी चालली काय?"

गाडीतली माणसं हसली. मागून एक म्हातारा म्हणाला, "हसू नका, पुण्यात आता तेवढंच स्वस्त ऱ्हायलंय." पोती टपावर चढवली, सामानाचं वेगळं तिकीट पडलं. हे माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसले. कोळवणला वाडीकडे जाणारी रिकामी बैलगाडी मिळाली म्हणून निभावलं.

सोनाबाईने पहिल्या पोत्यात हात घातला. पाल्याबरोबर बसचं तिकीट, विडीचं थोटूक आणि गोळीचा कागद निघाला.

"पुन्याचा पाला लई शिकल्याला दिसतोय," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं, आता चहा घेईल.

थर घालायला ती, मी आणि हे. मला वाटलं तासाभराचं काम. मी पोतं उलटं करून भराभर लोटायला लागले.

"घाई कुनाची लागलीया तुला?" मी तुमीची तू झाले होते. "सारकं पसर. जितं पातळ, तितं रोप बी पातळ."

मी तिला पन्नास प्रश्न विचारले. शेण खालीच का? वर माती कशाला? ती सांगत गेली. वर माती नसली तर आग भसकन वर जाते, खाली काही लागत नाही. सगळं झालं तरी ती पेटवेना. संध्याकाळी वारं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना हाक मारली, "चल, वारं निजलंय." तिने पदराचं टोक हवेत धरून बघितलं. जेमतेम हलत होतं. ज्या बाजूला ते हललं, त्या टोकाला जाऊन काडी लावली.

"पलीकडच्या बाजूनं लावलं असतं तर लवकर झालं असतं," मी म्हटलं.

"लवकर व्हतं, पर भाजत न्हाई. आगीनं वाऱ्याच्या तोंडावर चालाया पायजे. मंग ती सावकास येती."

आम्ही तिघं ओले टाहाळे, म्हणजे पाल्याच्या फांद्या, घेऊन कडेला उभे. आग कुठे पळायला लागली की टाहाळ्याने दाबायची. मुंगीच्या चालीने येत होती. मी एवढा वेळ एका जागी आयुष्यात उभी राहिले नसेन. नंतर पायाने माती हलवून बघितली, तर पापडासारखी फुटली. सोनाबाईने चिमूट उचलून वास घेतला आणि मला दिली. शेकोटीचा येतो तसाच वास, पण गोडसर. दुपारी तिच्याकडे नाचणीची भाकरी आणि वाळक्या मासळीचं कालवण. ह्या खेपेलाही बटाटे नेले होते, ते आम्ही तसेच परत आणले.

मे महिन्यात साहेब खोपटं बघून आले आणि ह्यांना, बरोबर मला, बंगल्यावर बोलावलं.

"कोपऱ्यात काळं काय जळलंय?"

ह्यांनी चुळबूळ केली. मी म्हटलं, "मी जाळलं. पाला साठतो, साप येतात. दरवर्षी वैशाखात जाळावाच लागणार. त्या कोपऱ्यात काही बांधू नका, लावू नका."

"मग पावसाळ्यात?"

"शेजारची बाई बघते तेवढं. पगार मागत नाही."

साहेब म्हणाले, ठीक आहे, तुम्हाला कळतं. ह्यांनी बंगल्याबाहेर आल्या आल्या विडी पेटवली.

आषाढात लावणीला गेलो. त्या दिवसांत जायचं तर रबरी चपला आणि इरलं, छत्रीचा उपयोग शून्य. कोपऱ्यात पोपटी रोप उभं होतं. पण सारखं नव्हतं. एक पट्टा चार बोटं बुटका आणि पिवळा. मी पोतं उलटं करून लोटलं होतं, तोच.

"पुरलं का?" मी विचारलं.

"येक खाचर ऱ्हायलं. तितं नाचनी टाकली." उपटलेल्या रोपांच्या मुठा बांधता बांधता ती बोलत होती. "दिराच्या दारात न्हाई गेले. ते बास."

मग तिने एक मूठ माझ्या हातात दिली आणि चिखलाकडे बोट केलं. कंबर चार दिवस धरली होती. सगळ्या हिरव्या शिवारात ते एक नाचणीचं खाचर वेगळं दिसतं. बसमधूनही दिसेल की काय असं वाटत राहिलं. दिसलं नाही.

आता तुमच्यापुरतं. जाणार असाल तर दोर न्या, घासलेट पौडला घ्या, बटाटे नेऊ नका. आणि दारात काही पडलेलं दिसलं तर आधी विचारा, ते कोणाचं आहे.

राहिली ती माझ्या दारामागची पोती. पायात येतात अशी तक्रार तळमजल्यावरून आली आहे. झाडूवाल्याशी माझं ठरलं आहे, पिंपळाचा पाला तो पेटवत नाही, मला देतो. तुम्हीही त्यात विड्या आणि कागद टाकू नका. तीन पोती भरली आहेत. पुढच्या वैशाखाला त्या राहिलेल्या खाचरासाठी अजून दोन लागतील.