चाकातलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाऊस बहुतेक जुन्याच जिल्ह्यात राहून गेला. रेणापूरकडच्या एका गावाला श्रीमंतराव ट्रॅक्टरनं पाण्याची टाकी ओढून आणत. एके सकाळी गावाखालच्या चढावर ट्रॅक्टरची चाकं जागीच गरगरू लागली. नरसिंग मिस्तरी म्हणाला, "मागच्या चाकांत पाणी भरा. वजनानं पकड बसती."

श्रीमंतराव गोंधळले. वर बाया घागरी घेऊन ताटकळलेल्या आणि इथं चाकांना पाणी पाजायचं? तरी टाकीतलं दोन पिंपं पाणी नळीनं ट्यूबांत गेलं आणि ट्रॅक्टर गुमान चढला.

रांगेत शेवटच्या सरजाबाईंची घागर भरायच्या आतच टाकी संपली. त्यांनी चाकाकडं बोट केलं. "श्रीमंता, त्यातलं काढ की."

"काढलं तर उद्या टाकी वर येत न्हाई, काकू."

सरजाबाईंनी रिकामी घागर उचलली. "मग राहू दे. पण कुलूप लाव. मी माझ्या पिंपाला लावतेच की. गाव लई वंगाळ हाय."

श्रीमंतरावांना ते पटलं. दुपारपर्यंत ते कुलूप घेऊन चाकाभोवती फिरत होते. कडी कुठं आहे, तेवढंच कळेना.