लाल कॅनमधलं पेट्रोल

ये, या लग्नाच्या गडबडीत जरा अशी जवळ बस. आणि काय ग, टेक्ससमध्ये अर्विंगला गेलीस ती तिकडचीच झालीस? मावशीला एक फोन नाही? बरं, रागावत नाही. आज तुला जे सांगतेय ते मी कुणालाच — अगदी सख्ख्या बहिणीलाही — सांगितलेलं नाही.

आमच्या ह्यांची, तुझ्या काकांची, ती जुनी मोटरसायकल आठवते ना? पुण्यात कॉलेजात असताना चालवायचे तसलीच, ओहायोतल्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये सापडलेली. ऑफिसात दिवसभर नव्या गाड्यांचे पार्ट डिझाइन करायचे, आणि घरी आले की गॅरेजमध्ये त्या म्हातारीपुढे बसायचे. कार्बोरेटर माझ्या पोह्यांच्या परातीत! मी म्हणायचे, "सवत परवडली, तिचं निदान तेल तरी गळत नाही." हसायचे.

त्या जुन्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल गेलं की आतून घासून जाम होतं. मिसळलेलं पेट्रोल ते एका लाल कॅनमध्ये ठेवत, आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

दोन हजार चारचा उन्हाळा. पाहुणे यायचे होते, लॉनमधलं गवत गुडघ्याला लागलेलं, आणि गवत कापायच्या मोअरचं पेट्रोल संपलेलं. घेतला मी तोच कॅन, केला रिकामा. मग ओरडतील म्हणून गॅस स्टेशनवर जाऊन भरून आणला, होता तिथे ठेवून दिला. तेल? अग, इतक्यांदा ऐकलं होतं — पण त्या घाईत डोक्यातच आलं नाही.

ही झाली चूक. मला सांगायचंय ते पुढचं.

रविवारी हे गाडी ढकलत परत आले. कोपऱ्यावरच इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं होतं. पडले नाहीत, नशीब. टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. चिकटपणा नाही. तसेच पायरीवर बसले. "मी तेल घालायला विसरलो ग," म्हणाले.

आणि मी काय म्हणाले, माहितेय? "वय झालं आता तुमचं!" — हसत.

त्यांच्या वडिलांना शेवटी स्वतःची मुलंही ओळखू येत नव्हती. मला ठाऊक नव्हतं का? "बाबांचंही असंच सुरू झालं होतं," एवढंच बोलले. तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. नाही बोलले. आधी रागाची भीती, मग उशीर झाल्याची लाज — आणि खरं सांगू? गॅरेज सोडून ते संध्याकाळी माझ्याजवळ चहाला बसायला लागले, ते मला आवडलं. हो, आवडलं.

मग स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. शेगडी बंद केली का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे. ह्यांचा विश्वास बसला नाही. इंजिन अजून तसंच उघडं पडलंय. हत्यारं मात्र पुसून ठेवतात. परवा हळूच म्हणाले, "कधी तुझं नाव विसरलो तर मनावर घेऊ नकोस."

मी म्हटलं, काहीतरीच काय. आणि चहा ओतला.

एखाद्या लाँग वीकेंडला ये ग, लवकर ये. एअरपोर्टवर घ्यायला मी येईन. हे आता गाडी चालवत नाहीत.