दोघांनी बघितलेला धूमकेतू

ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. गिरगाव चौपाटीवर सूर्य बुडाल्यावर मी धूमकेतू शोधत होतो. शेजारी साठीतले एक गृहस्थ दुर्बीण घेऊन उभे होते. घोडपदेवहून ते पाच दिवस रोज येत होते, पण धुरक्यात काहीच दिसलं नव्हतं.

"सापडला!" ते अचानक म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण लगेच माझ्या हातात दिली. "शेपूट दिसते ना?"

"दिसते की! पण काका, आधी तुम्ही नीट बघा."

"बघतो हो. घरी जाऊन सांगायला आता कोणी नाही. इथेच दोघांनी बघितला म्हणजे बरं वाटतं."

धूमकेतू मावळेपर्यंत आम्ही आळीपाळीने बघत राहिलो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगू लागलो, तेव्हा कुलूप काढून अंधाऱ्या खोलीत शिरणारे ते डोळ्यांपुढे आले.