वास नसलेलं इंधन

भोपाळजवळ मंडीदीपच्या आमच्या कारखान्यात मालवाहू जहाजांसाठी द्रवरूप हायड्रोजनच्या टाक्या बनत. त्यांची गळती तपासणारे एक गृहस्थ होते. यंत्राने हिरवा दिवा दाखवला तरी सांधा फडक्याने पुसून ते पुन्हा तपासत. बरखेड्याच्या टाउनशिपला परतणारी बस त्यांच्यापायी रोज खोळंबे. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, आम्ही कुरकुरत बसायचो.

एकदा ते माझ्या शेजारी बसले तेव्हा मी म्हणालो, "काका, इतकं स्वच्छ इंधन. जळलं की नुसतं पाणी. मग एवढी धास्ती कशाला?"

"स्वच्छ आहे, पण वास नाही त्याला," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "भोपाळात गॅस सुटला त्या रात्री आई निदान खोकत उठली. तिनं उठवलं म्हणून मी आहे."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे गेला. मी म्हणालो, "रहने दो भैया. आने दो उनको."