नमुन्याचा वाफा

बियाणेताईंचं खरं नाव विचाराल तर शेजारणीलाही चटकन आठवणार नाही. पाऊस लहरी झाल्यापासून कमी पाण्यावर तगणारं बी छोट्या शेतकऱ्यांच्या गळी उतरवायचं, हेच त्यांचं काम. त्यात त्यांनी चपला झिजवल्या आणि घसाही.

नुसत्या बोलण्याने कोणी बधत नाही, हे कळल्यावर गेल्या वर्षी त्यांनी घरामागे नव्या बियाण्याचा एक वाफा केला. नियम एकच: आभाळातून पडेल तेवढंच पाणी. वर एक तांब्याही नाही.

पावसाने दीड महिना दडी मारली. आजूबाजूची शेतं करपली, वाफा मात्र हिरवागार. लोक आले, पानं चुरून पाहून गेले. ताईंना आभाळ ठेंगणं झालं. यंदा चाळीस घरांनी तेच बी पेरलं. "जुनं बी कशाला सांभाळत बसता? दळून खा," असंही ताईच म्हणाल्या. एवढी खात्री माणसाला असू नये, पण त्यांना होती.

यंदा पुन्हा दडी. विसाव्या दिवशी चाळीस घरांच्या रोपांनी माना टाकल्या. ताईंचा वाफा तेवढा उभा. तेच बी, तशीच माती, मग घोडं अडलं कुठे? डोकं चालेना, म्हणून आज उजाडताच त्यांनी वाफ्यात बोट खुपसलं. माती ओली होती.

मागून सासरे लंगडत आले, हातात भरलेली बादली.

"बाबा, हे काय?"

"काही नाही गं. रोपं कोमेजली होती तुझी."

"गेल्या वर्षीही?"

म्हाताऱ्याने बादली खाली ठेवली. "चहाच्या टपरीवर लोक तुला हसायचे. मला नाही बघवलं. दोनच बादल्या घालायचो रोज."

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. ओरडावं तरी कसं? सुनेची लाज राखायला या माणसाने दुखऱ्या गुडघ्याने पाणी वाहिलं होतं, आणि चाळीस घरांचं वाटोळं झालं होतं. त्यांना भयंकर राग आला, आणि त्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघून रडूही आलं.

त्या तशाच शेजारणीकडे गेल्या. दीड एकरावर एकटीने घर चालवणारी बाई. ताईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि विचारलं, "जुनं बी उरलंय का थोडं? आठ दिवसांत पाऊस आला तर पुन्हा पेरता येईल."

"कुठून उरणार, ताई? तुम्हीच म्हणालात ना, दळून खा. पीठसुद्धा परवा संपलं."

शेजारणीने एकदा आपल्या शेताकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबांना बोलू नका हं. म्हातारं माणूस, मायेपोटी केलं. झालं ते झालं. आता काय पेरू, तेवढं सांगा."

आणि खुरपं हातात घेऊन ती रोजच्यासारखी उभी राहिली, ताई सांगतील ते करायला.

ताईंकडे आता सांगण्यासारखं एकही बी नव्हतं. आणि अजून एकोणचाळीस दारं बाकी होती.