आबांची टोपी आणि भायकाका

माझ्या वडिलांनी दोन वर्षांनंतर काढलेला पहिला शब्द खास माझ्यासाठी होता, आणि तो मला समजला नाही.

काढला तोही तोंडाने नव्हे. मेंदूच्या झटक्यानंतर आबांचे हातपाय गेले, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. जोगेश्वरीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला हा माणूस आमच्या दिंडोशीच्या घरात एकदा पापण्या मिटून 'हो' नि दोनदा मिटून 'नाही', एवढंच सांगायचा. बघवत नसे. म्हणून श्रुती नावाची इंजिनिअर मुलगी ती टोपी घेऊन येणार म्हटल्यावर मी नाचायचाच बाकी होतो. ऑपरेशन नाही, सुई नाही! टोपी नुसती डोक्यावर बसते आणि मेंदूच्या लहरी टिपते. पडद्यावर अक्षरं चमकतात. हवं ते अक्षर किती वेळा चमकतं ते मनात मोजायचं, टोपी ओळखते. आबांना स्वतःच्या मनातला एक शब्द जमला तर टोपी घरी राहणार, नाहीतर दुसऱ्या पेशंटकडे जाणार.

श्रुतीने टोपी चढवली आणि तिचा चेहरा पडला. "काका," तिने मला विचारलं, "यांच्या केसांना तेल आहे?"

"मगे?" आई म्हणाली. "कोरड्या डोक्यान बसवू काय चार माणसांत?" आणि तिने अभिमानाने खोबरेल तेलाची बाटली दाखवली.

"पण मी फोनवर सांगितलं होतं, तेल नको म्हणून!"

(सांगितलं होतं. मला.)

मग बादली, तांब्या, शाम्पू! आबांचं डोकं मी तीनदा धुतलं. दोनदा साबण डोळ्यात गेला, एकदा माझ्याच. आबा पापण्यांनी 'नाही, नाही, नाही' म्हणत होते.

शेवटी अक्षरं चमकू लागली. "आबा, सावकाश! आबा, मोजताय ना? आबा, टेन्शन घेऊ नका!" मी धीर देत होतो.

"काका, प्लीज बोलू नका. त्यांचं लक्ष जातं," श्रुती म्हणाली.

"बरोबर आहे! आबा, माझ्याकडे लक्ष देऊ नका हां!"

पडद्यावर 'भा' उमटलं. मग 'य'.

"भाय!" मी ओरडलो. वेंगुर्ल्याचे भायकाका! आबांचे थोरले भाऊ! मला रडूच फुटलं. आई टॉवेल वाळत घालायला गेली होती, तिला हाक मारायचंही भान राहिलं नाही. मी थेट काकांना व्हिडिओ कॉल लावला. "काका, आबांनी तुमचं नाव घेतलं!"

काकाही ढसाढसा रडू लागले. दोघांचे हुंदके चालू असताना पडद्यावर तिसरं अक्षर उमटलं. 'र'.

"एक अक्षर चुकून जास्तीचं आलंय," मी काकांना पडदा दाखवला.

काकांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि गरजले, "मेल्या, भाय खंयचो! भायर! तुका भायर जा म्हणता तो!"

आबांनी एकदाच, जोरात पापण्या मिटल्या. हो, बाहेर!

शाळेत मी त्यांच्याच वर्गात होतो आणि बडबडीपायी वर्षभर दाराबाहेर उभा असायचो. तेच आबा परत आले होते! मी पॅसेजमध्ये जाऊन वेड्यासारखा हसलो, थोडा रडलोही. आतून श्रुती ओरडली, "जमलं! टोपी राहिली!"

दहा मिनिटांनी आईने हाक मारली, "चल बेगीन! तुझ्यासाठी आणखी कायतरी लिवल्यानी तेंनी."

धावत जाऊन दारातूनच वाचलं. 'दार लाव.'

मी आनंदाने लावलं. बाहेरून!