सोफ्यावर बसून हसता येत नाही

नाटकाच्या दिवशी नाना टेंभेकर दुपारी चारलाच हॉलवर येत आणि एकेका खुर्चीवर बसून हसत. बसायचं, मोठ्यानं 'हाः हाः' करायचं, उठायचं, पुढची खुर्ची. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या अर्ध्याच ओठावर मिशी चिकटवलेली होती. मी नवा चौकीदार. धावत गेलो, "काका, कोण पाहिजे तुम्हाला?"

"पब्लिक पाहिजे भिया," नाना म्हणाले; इंदुरात भाऊला भिया म्हणतात. "ही खुर्ची करकरते. माणूस हसायला मागे रेलला की त्याच्या आधी हीच बोंबलते. तो लाजून गप, माझा एक हशा गेला! बदल हिला."

मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि फिरत फिरत इंदूरला, राजेंद्र नगरातल्या मराठी मंडळाच्या हॉलवर लागलो. झाडलोट, खुर्च्या, दिवे, सगळं माझ्याकडे. कोणी नुसतं 'अरे' म्हटलं तरी मला वाटे, झालं, काढलं आपल्याला. माझी बोली गावाकडची, म्हणून तोंड उघडायचीही भीती. नानांनी ते आठवड्याभरात ओळखलं. "शुद्ध कोण बोलून राहिलंय इथं? आमची मराठी अर्धी हिंदी, अर्धी मालवी, उरलेली पोह्यांत सांडली. तू बिनधास्त बोल." त्या परक्या गावात मला नावानं हाक मारणारं ते पहिलं माणूस.

नाना गिरणीच्या ऑफिसात कारकून होते आणि संध्याकाळी लोकांना हसवत. गिरणी बंद पडली, नाना पडले नाहीत. मध्ये मुंबईलाही जाऊन आले. "एका सिनेमात मी दार उघडतो. रिलीज झाल्यावर बघतो तर दार आपोआपच उघडतं! दाराचं काम ठेवलं, माझं कापलं."

त्यांचं एक शास्त्र होतं. "हसू एकट्याला येत नाही. शेजारच्याकडून उसनं घ्यावं लागतं. म्हणून कोपराला कोपर लागलं पाहिजे." त्यामुळे पडदा वर जायच्या आधी, मिशीबिशी लावलेले नाना स्वतः हॉलमध्ये फिरून विखुरलेल्या लोकांना पुढे ओढून आणत. आणि पाहुण्यांसाठी पहिल्या रांगेत मांडलेले सोफे तर त्यांचे वैरी. "सोफ्यावरचा माणूस मान हलवतो. हसत नाही."

मग नानांना लकव्याचा झटका आला. तोंड वाकडं झालं, एक पाय ओढत चालू लागले. आठ महिन्यांनी मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांनी वीस मिनिटं मागून घेतली. मुलगा नको म्हणत होता. नाना मला म्हणाले, "आजकाल लोक मला बघून 'अरेरे' करतात. अरेरेवाला कधी हसत नाही. एकदा बघून घेतो यार. हसले तर ठीक, नाही तर दुकान बंद."

त्या संध्याकाळी तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये साठेक माणसं आली, आणि पोह्यांवर डाळिंबाचे दाणे असतात तशी बसली. इकडे एक, तिकडे दोन. पुढे नवा कोरा मखमली सोफा, त्यावर एकटे अध्यक्षसाहेब. मला नोकरीवर ठेवणारे तेच. नाना विंगेत स्टुलावर बसून बघत होते. आता हॉलमध्ये उतरणं त्यांच्या पायांना जमणारं नव्हतं.

"सोफा काढ."

"नाना, त्यावर अध्यक्ष बसलेत."

"मग अध्यक्षांसकट काढ."

मी हसलो नाही. ते गंमत करत नव्हते.

पुढे गेलो. "साहेब, जरा उठता का?"

"का रे?"

तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. "सोफ्यावर हसता येत नाही, साहेब. नानांना तुम्ही खुर्चीत पाहिजेत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मनातल्या मनात मी हिंगोलीची गाडी पकडली. मग ते सावकाश उठले. ते उठलेले बघून हॉलला वाटलं, राष्ट्रगीत आहे. सगळे ताडकन उभे! एवढा मोका परत कधी येणार? आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडलो, "उभेच आहात तर पुढे या! सगळे! कोपराला कोपर!"

आले की हो. साहेब दोन काकूंच्या मध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीत.

पाय ओढत नाना आले. कोणीतरी हळूच 'अरेरे' म्हणालंच. नाना थांबले. "घाबरू नका. तोंड वाकडं झालंय. सरळ होतं तेव्हा तरी कुठे माझं ऐकत होतं?"

मग साहेबांच्या पोटातून हसण्याची एक गुडगुड निघाली. डावीकडच्या काकूंना त्यांचं कोपर लागलं, त्या फुटल्या. तिथून हसू मागच्या रांगेत गेलं, आणि वीस मिनिटांची पस्तीस झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी पिशवी भरूनच गेलो. "तो सोफा माझ्या ऑफिसात आणून ठेव," ते म्हणाले. "तिथे तसंही कोणी हसत नाही."

त्यानंतर नानांनी आणखी चार प्रयोग केले. पाचव्याच्या आधी गेले.

आता कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला मी एकेका खुर्चीवर बसून हसतो. सुरुवातीला खोटंच असतं. पाच-सहा खुर्च्या झाल्या की ती अर्धी मिशी आठवते, मग खोटं राहत नाही.